लोकनाट्यातील राजकीय विनोद : न उच्चारलेल्या अर्थाचा अभ्यास

उद्दिष्टे

या घटकाचे वाचन केल्यानंतर तुम्हाला –
• मुंबईच्या गिरणगावातील कलापथके व लोकनाट्ये यांची पार्श्वभूमी सांगता येईल.
• बतावणीतील राजकीय विनोद भाषेच्या अंगाने कसा घडतो, हे स्पष्ट करता येईल.
• छापील संहिता आणि प्रत्यक्ष प्रयोग यांतील अंतर ओळखता येईल.
• विनोदाचे लक्ष्य कोण आहे, या प्रश्नाची चिकित्सा करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, प्रस्तुत लेखकाचे बालपण परळच्या एका चाळीत गेले. वडील गिरणीत साचेवाले होते. रात्रपाळी नसेल तेव्हा जेवणानंतर ते पाहिलेल्या लोकनाट्यांतील प्रसंग करून दाखवीत, आणि शेजारचे चारसहा जण ते ऐकायला गॅलरीत येऊन बसत. पुढे प्राध्यापक झाल्यावर एका वगाची छापील प्रत हाती आली, ती मी वडिलांना वाचून दाखवली. ते भरपूर हसले. परंतु जिथे मला विनोद दिसत होता तिथे हसले नाहीत, आणि ज्या ओळीत मला काहीच विनोदी आढळेना त्या ओळीला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. कारण विचारले तेव्हा म्हणाले, “तिथं तो थांबायचा.”

भाषाविज्ञानाची पदवी घेऊन जे मला पुरते उमगले नव्हते, ते त्या तीन शब्दांत होते. विनोद ओळीत नव्हता. ओळीनंतरच्या विरामात होता आणि त्या विरामात प्रेक्षक जे मनातल्या मनात बोलत, त्यात होता. या घटकात आपण नेमके हेच पाहणार आहोत : लोकनाट्यातील राजकीय विनोदाचा अर्धा भाग नट बोलतो आणि उरलेला अर्धा प्रेक्षक पुरा करतो.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

पारंपरिक तमाशाची गण, गौळण, बतावणी आणि वग ही अंगे तुम्हाला परिचित आहेत. बतावणी म्हणजे सोंगाड्या व त्याचा साथीदार यांच्यातील चटपटीत, बहुतांशी उत्स्फूर्त संवाद. वगात राजा, प्रधान, कोतवाल, शिपाई अशी ठरावीक पात्रे येतात. कोणतेही राज्य आणि कोणताही काळ यांच्या साच्यात बसवता येत असल्यामुळे राजकीय विनोदाला ही रचना फार सोयीची ठरली.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंनी तमाशाचा आराखडा कामगारांच्या प्रश्नांसाठी वापरला. गणातून देवतास्तवनाऐवजी मातृभूमीला व हुतात्म्यांना वंदन केले, गौळण वगळली आणि वगात सावकार, शेठजी, पुढारी, मंत्री आणले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘लोकमंत्र्याचा दौरा’ ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. या नव्या रूपासाठी ‘लोकनाट्य’ ही संज्ञा रूढ झाली. दुसरीकडे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने हाच घाट समाजवादी विचारांच्या प्रसारासाठी स्वीकारला, पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे त्या परंपरेतले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तर शाहीर आणि सोंगाड्ये सभांइतकेच महत्त्वाचे ठरले.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. ज्या सत्तेविरुद्ध बोलायचे ती आता ‘आपली’ आणि मराठी बोलणारी होती. याच सुमारास शाहीर साबळे यांनी ‘यमराज्यात एक रात्र’ रंगमंचावर आणले. त्यांच्या या प्रकाराला ‘मुक्तनाट्य’ म्हटले गेले, आणि राजा मयेकर यांच्यासारखे नट त्यातून लोकप्रिय झाले. १९६५ साली वसंत सबनीस यांनी लिहिलेले ‘विच्छा माझी पुरी करा’ आले. नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेले आणि सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेले दादा कोंडके त्यात मध्यवर्ती होते. ताज्या घडामोडींवर ते प्रयोगागणिक भर घालीत, त्यामुळे एकदा पाहिलेला प्रेक्षक पुन्हा येई.

हे प्रयोग कोठे होत, हेही ध्यानात घ्या. परळचे १९२२ सालचे दामोदर नाट्यगृह, लालबागचे हनुमान थिएटर, गिरगावातील साहित्य संघ मंदिर, दादरचे १९६५ मध्ये उभे राहिलेले शिवाजी मंदिर आणि यांखेरीज चाळीचाळींतील गणेशोत्सवाचे मांडव. म्हणजे रंगमंच आणि प्रेक्षकाचे घर यांत बहुधा चालत जाण्याइतकेच अंतर होते.

३. विनोदाची घडण : एक नमुना

पुढील संवाद कोणत्याही वगातील नाही. तो केवळ विवेचनासाठी रचला आहे.

राजा : प्रधानजी, नगरीत सारे क्षेमकुशल आहे ना?
प्रधान : महाराज, क्षेमकुशलाबाबतची कार्यवाही प्रगतिपथावर आहे.
शिपाई : म्हंजी रस्ता खणून ठेवलाय, म्हाराज.
राजा : आणि पाणी?
प्रधान : पाण्याचा प्रश्न विचाराधीन आहे.
शिपाई : व्हय, व्हय. पयल्यांदा आमी नळाच्या अधीन हुतो, आता नळ इचाराच्या अधीन हाय.
राजा : बरे, आमची प्रजा कोठे आहे?
शिपाई : (प्रेक्षकांकडे पाहत) समूरच बसलीया. आज तिकीट काढून आलीया, येरवी रांगंत असती.

या सात-आठ वाक्यांत तीन भाषिक युक्त्या आहेत.

पहिली युक्ती भाषाभेदाची. प्रधान प्रशासकीय प्रमाण मराठी बोलतो आणि शिपाई बोली. प्रधानाच्या वाक्यांत क्रिया आहे, पण कर्ता नाही. कार्यवाही आहे, पण ती करणारा कोणी नाही. शिपाई त्याचे ‘भाषांतर’ करतो. १९६० नंतर राज्यकारभारासाठी मराठी परिभाषा घडू लागली, १९६२ साली पदनाम कोश निघाला आणि आचार्य अत्रे यांनी त्याची ‘बदनाम कोश’ अशी खिल्ली उडवली. १९६४ च्या अधिनियमाने मराठी राजभाषा झाली. राज्य मराठी झाले, पण त्याच्या कागदावरची मराठी गिरणी कामगाराला परकी वाटत होती. शिपाई नेमक्या या फटीत उभा राहतो.

दुसरी युक्ती शब्दाची फोड करण्याची. ‘विचाराधीन’ हा सामासिक शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेला असतो. शिपाई त्याचे घटक सुटे करतो आणि ‘अधीन’ या पदाला त्याचा मूळ, बोचरा अर्थ परत देतो.

तिसरी युक्ती दर्शकतेची. ‘समूर’ आणि ‘आज’ या शब्दांना स्वतःचा निश्चित निर्देश नसतो. ते कोठे व केव्हा उच्चारले यावर तो ठरतो. एका शब्दासरशी काल्पनिक राज्यातील प्रजा म्हणजे त्या सायंकाळी खुर्च्यांवर बसलेली माणसे होतात.

४. व्यंजना आणि प्रेक्षक

साहित्यशास्त्राच्या अभ्यासात तुम्ही अभिधा, लक्षणा व व्यंजना या शब्दशक्ती पाहिल्या आहेत. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त व्यंग्यार्थ कशावर अवलंबून असतो याची जी गणना केली आहे, तीत बोलणारा, ऐकणारा, काकू म्हणजे स्वराचा ढंग, प्रसंग, देश आणि काल यांचा समावेश होतो. ही यादी जणू बतावणीसाठीच केली असावी! सोंगाड्याचे वाक्य कागदावर उतरवले की यांपैकी जवळजवळ सर्व गोष्टी गळून पडतात.

ऐकणाऱ्याचा विचार करा. लालबाग-परळच्या प्रेक्षकांत कोकणातून आलेले होते, तसेच सातारा, पुणे, नगरकडचेही होते. बोली निरनिराळ्या, पण भोंगा, पाळी, बदली कामगाराचे कार्ड, खानावळ, रेशनची रांग, नळाची वेळ हा अनुभवकोश समान होता. त्यामुळे नटाला काहीही समजावून सांगावे लागत नसे. नुसते ‘रांग’ म्हटले की पुढचे सारे प्रेक्षकांकडे तयार असे. शिवाय हा अर्थ प्रत्येकाने एकट्याने लावलेला नसे. शेजारचाही हसला, म्हणजे त्यालाही तेच कळले, आणि आपल्याला जे वाटते ते अनेकांना वाटते, हे कळण्याचा तो क्षण असे. राजकीय विनोदाचे सामर्थ्य बव्हंशी या परस्पर-ओळखीत आहे.

५. कायदा आणि विराम

न उच्चारलेल्या अर्थाला आणखी एक कारण होते. नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा इंग्रजांनी १८७६ साली केला. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ अस्तित्वात आला, आणि महाराष्ट्रात प्रयोगापूर्वी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घेण्याची पद्धत राहिली. परिनिरीक्षक वाचतो ती संहिता. आपल्या नमुन्यातील ‘समूरच बसलीया’ या वाक्यात आक्षेपार्ह असे काय आहे? शब्द निर्दोष आहेत. दोष असलाच तर तो नजरेत, काकूत आणि विरामात आहे, आणि विरामावर शिक्का मारता येत नाही. ज्याचा अर्थ प्रेक्षकाने लावला, त्याची जबाबदारी नटावर टाकणे कठीण असते. म्हणून बतावणीची उत्स्फूर्तता हे केवळ कलेचे वैशिष्ट्य नव्हते. ते एक संरक्षक कवचही होते.

६. अर्धी म्हण : विनोदाचे लक्ष्य कोण?

येथवरचे विवेचन वाचून या विनोदाविषयी तुमच्या मनात जिव्हाळा निर्माण झाला असेल. मलाही तो आहे. तथापि, अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे.

१९६६ साली शाहीर साबळे यांचे ‘आंधळं दळतंय’ रंगभूमीवर आले. मुंबईतील मराठी माणसाची उपेक्षा हा त्याचा विषय होता. त्याच वर्षी १९ जून रोजी शिवसेनेची स्थापना झाली आणि मुंबईतील नोकऱ्यांत दाक्षिणात्यांचे प्रमाण अधिक असल्याचा प्रश्न तापला. आता हे शीर्षक पाहा. ‘आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय’ ही म्हण प्रत्येक मराठी भाषकाला ठाऊक असते. शीर्षकात तिचा पूर्वार्धच आहे. उत्तरार्ध प्रेक्षकाने मनात म्हणायचा. आंधळे दळणारा कोण, हे शीर्षक सुचवते. पण पीठ खाणारे कोण? ते शीर्षकात कोठेच नाही. ते प्रत्येकाने आपापले ठरवायचे.

एखाद्याने तेथे गिरणीमालक पाहिला असेल, एखाद्याने सत्ताधारी पक्ष, आणि एखाद्याने कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणारा, आपल्याइतकाच पोटार्थी परप्रांतीय कारकून. जे तंत्र शिपायाला प्रधानाविरुद्ध शस्त्र देते, तेच तंत्र शेजाऱ्याविरुद्धही वापरता येते. आणि नाव न घेतल्यामुळे त्याचे उत्तरदायित्व कोणाकडेच राहत नाही. स्त्रियांवरील द्व्यर्थी विनोदाविषयीही हाच प्रश्न विचारला पाहिजे. म्हणून विनोदाचे विश्लेषण करताना दोन प्रश्न क्रमाने विचारावेत : रिकामी जागा कोठे सोडली आहे? आणि ती कोणाच्या नावाने भरली जाणे अपेक्षित आहे? लक्ष्य वक्त्याहून वरचे असेल, तर विनोद सत्तेला जाब विचारतो. बरोबरीचे वा खालचे असेल, तर तो जाब विचारण्याचा केवळ आभास निर्माण करतो.

७. प्रेक्षक पांगल्यावर

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि प्रेक्षक उपनगरांत वा गावी पांगला. हनुमान थिएटर बंद झाले. दामोदर नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी २०२३ मध्ये बंद करण्यात आले. दरम्यान १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले होते आणि ‘गजरा’सारख्या कार्यक्रमांतून छोटी प्रहसने घरोघर पोहोचली होती. आज दूरचित्रवाणीवरील विनोदी प्रहसने पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक लोक पाहतात. परंतु ती कोणत्या गल्लीत, कोणत्या दिवशी पाहिली जातील हे नटाला ठाऊक नसते. ‘समूर’ आणि ‘आज’ हे शब्द तेथे निरुपयोगी होतात, आणि विनोद घरगुती, सर्वत्र चालणाऱ्या विषयांकडे वळतो. याचे कारण नटांचे धैर्य कमी झाले एवढेच मानणे अपुरे आहे. अर्थ पुरा करणारा समूह समोर उरलेला नाही, हेही त्याचे कारण आहे.

वडिलांना मी नंतर विचारले होते, “तो थांबायचा तेव्हा तुम्ही कोणाला हसायचात?” त्यांना ते नीट आठवेना. म्हणाले, “कुणीतरी मंत्री होता. पण सगळं थेटर हसलं होतं, ते आठवतंय.” छापील प्रत माझ्या कपाटात आहे, पण त्या विरामाचा अर्थ मला कोणीही सांगू शकत नाही. तो वेळीच टिपून ठेवायला हवा होता. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अजून तो सांगू शकणारी माणसे असतील. पुढील उपक्रम त्याकरिता आहे.

८. सारांश

लोकनाट्यातील राजकीय विनोद भाषाभेद, शब्दांची फोड आणि दर्शकता यांच्या आधारे रिकामी जागा निर्माण करतो व समान अनुभव असलेला प्रेक्षक ती भरतो. या रचनेमुळे तो नियंत्रणातून सुटतो. त्याच रचनेमुळे तो दुर्बलांविरुद्धही वळू शकतो. म्हणून संहितेबरोबर प्रेक्षकाचाही अभ्यास आवश्यक आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाच्या आराखड्यात कोणते बदल केले?
२. ‘विचाराधीन’ या शब्दावरील विनोदाची फोड तुमच्या शब्दांत करा.
३. ‘आंधळं दळतंय’ या शीर्षकातील अर्धवटपणाचे दोन परस्परविरोधी परिणाम स्पष्ट करा.

उपक्रम

कलापथक, लोकनाट्य किंवा गणेशोत्सवातील प्रहसन पाहिलेल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीस भेटा. त्यांना आठवणारा एक विनोद त्यांच्याच बोलीत, त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करा व उतरवून घ्या. नट कोठे थांबे, कोणाकडे पाही, प्रेक्षक कोणाला हसत, हे अवश्य विचारा. उत्तर ‘आठवत नाही’ असे आले, तरी तेही नोंदवा.