लायसनवरची दुसरी तारीख

रिक्षा, शाळेची व्हॅन किंवा टेम्पो चालवून घर सांभाळणाऱ्या बहिणी आता आपल्या बचत गटांतही आहेत. सोमाटणे फाट्यावरच्या अशा बहिणींसाठी आज आम्ही लायसनच्या नूतनीकरणाबद्दल बोलणार आहोत.

आधी आपलं लायसन हातात घ्या. त्यावर मुदतीच्या दोन तारखा असतात. ‘एनटी’ म्हणजे खासगी गाडीची आणि ‘टीआर’ म्हणजे भाड्याच्या, धंद्याच्या गाडीची. पस्तिशीतल्या बाईला स्कूटीसाठी दहा वर्षांची मुदत मिळते, पण धंद्याच्या गाडीसाठी पाचच वर्षांची. लांबची तारीख पाहून आपण निर्धास्त राहतो आणि जवळची कधी उलटली ते कळतच नाही.

पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस लायसन चालायचं. 2019 च्या कायदा दुरुस्तीने ती सवलत गेली. तारीख संपली की दुसऱ्या दिवसापासून आपण विनालायसन.

नूतनीकरणाची सरकारी फी 200 रुपये आहे. स्मार्टकार्डाचे पैसे वेगळे. उशीर झाला तर नियमात 300 रुपये फी आणि उशिराच्या प्रत्येक वर्षाला 1000 रुपये जादा आहेत. एक वर्ष उलटलं तर गाडी चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

खरं नुकसान मात्र रस्त्यावर होतं. मोटार वाहन कायद्यात विनालायसन गाडी चालवण्याला 5000 रुपये दंड आहे. अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढाच. टेम्पो गटाच्या नावावर असेल तर मालक म्हणजे आपला गट! त्यात अपघात झाला, तर विमा कंपनी जखमींना दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. नंतर नूतनीकरण केलं तरी मधले दिवस भरून निघत नाहीत, कारण नवी मुदत नूतनीकरणाच्या दिवसापासून धरतात.

कर्जाची गाडी असेल तर आणखी जपा. राज्याच्या पिंक ई-रिक्षा योजनेत किमतीच्या 70 टक्के रक्कम बँकेचं कर्ज असते. लायसन संपलं म्हणून रिक्षा दारात उभी राहिली, तरी हप्ता थांबत नाही.

मग करायचं काय? अर्ज मुदतीआधी एक वर्षापासून करता येतो. फार आधी केला तर हातातले महिने वाया जातात, म्हणून दीड-दोन महिने आधीचा काळ बरा. अर्ज ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावर भरतात. धंद्याच्या गाडीसाठी वय कितीही असो, नोंदणीकृत डॉक्टरांचं फॉर्म 1-अ प्रमाणपत्र लागतं. लायसन माहेरी काढलं असेल तरी तिकडच्या आरटीओत जायची गरज नाही. मावळातल्या बहिणींना पिंपरी-चिंचवडचं आरटीओ कार्यालय आहे. कुणाकडून अर्ज भरून घेतलात, तर फीची पावती मागून घ्या आणि सरकारी फी किती, त्याची मजुरी किती, हे वेगळं विचारा.

गटाच्या मासिक सभेत हप्त्यांची वही उघडतोच ना आपण? तिच्या शेवटच्या पानावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येक बहिणीची ‘टीआर’ तारीख लिहा. शेजारी गाडीचा विमा, फिटनेस आणि परमिट यांच्या तारखा लिहा. दर महिन्याला ते पान मोठ्याने वाचा. जिला वाचता येत नाही, तिलाही आपली तारीख तोंडपाठ होईल.