सोपे म्हणून खोटे नव्हे

मंडळी, पवित्र शास्त्रात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात नामानाची गोष्ट आहे. अरामाचा हा सेनापती मोठा पराक्रमी, पण अंगावर कोड. इस्राएलातून धरून आणलेल्या एका लहान मुलीच्या सांगण्यावरून तो रथघोडे, सोनेरुपे घेऊन अलीशा संदेष्ट्याच्या दारी गेला. अलीशा बाहेरसुद्धा आला नाही. यार्देनेत सात वेळा स्नान कर, एवढाच निरोप! नामान संतापला, दिमिष्काच्या नद्या काय वाईट? तेव्हा चाकरच म्हणाले, की अवघड काही सांगितले असते तर आपण केले असते ना, मग हे सोपे का नको? तो नदीत उतरला आणि बरा झाला.

त्याची वाट नदीने अडविली नव्हती, मानाने अडविली होती.

आता आपल्याकडचे पाहा. १९७१ साली बंगालात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ, ग्लुकोज व सोडा घातलेले पाणी तोंडाने पाजविले. शेकडा तीसपर्यंत जाणारे मृत्यू चाराच्या आत आले. तरी जाणत्या डॉक्टरांचाही प्रथम विश्वास बसेना!

लेकराला जुलाब झाले तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घाला, घोटघोट पाजा. गळाठले तर दवाखाना गाठा.

सोपे ते सारेच खरे नसते, बरे का. पण पारखण्याआधी झिडकारू नये. नामानाला वाचविणारी ती मुलगी नि ते चाकर, शास्त्रात त्यांची नावेही नाहीत. गुरुजी, हे मुलांना जरूर सांगा.