स्पेक्ट्रमच्या अडगळीतले खेळ

सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रमच्या खेळांचा विषय निघाला की तीच नावं पुढे येतात. मॅनिक मायनर, जेट सेट विली, नाइट लोअर. बोलणारा जरा मुरलेला असेल तर एलीट. या नावांबद्दल तक्रार नाही. पण या चिमुकल्या ब्रिटिश घरगुती संगणकासाठी हजारो खेळ निघाले आणि मानाचं पान मात्र त्याच पाचसहांना वाढलं जातं. पंगतीत मागे राहिलेल्यांपैकी काही आजही खेळावेत असे आहेत, इतकंच नव्हे तर त्या गाजलेल्यांपेक्षा कमी जुने वाटतात.

असं का, हे कळायला यंत्राची कुवत पाहावी लागते. २३ एप्रिल १९८२ला स्पेक्ट्रम जाहीर झाला. १६के मेमरीचा १२५ पौंडांना, ४८केचा १७५ पौंडांना. रबरी बटणं, पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि खेळ साठवायला साधी गाण्याची कॅसेट. मोठा खेळ चढायला पाचेक मिनिटं कर्कश चिरचिर ऐकत बसायचं. ४८केपैकी जवळपास ७के एकट्या पडद्याच्या चित्रालाच लागत. रंग आठ, पण आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनात एका वेळी दोनच. त्यामुळे नायक हिरव्या झाडापुढून गेला की तोही हिरवा व्हायचा.

अशा यंत्रावर आर्केडमधल्या झगमगाटाची नक्कल करणारे खेळ तेव्हा भरपूर खपले आणि आज केविलवाणे दिसतात. ज्यांनी चित्रांचा नाद सोडून ती मेमरी नियमांवर खर्च केली, त्यांचे खेळ टिकले. या लेखातले बहुतेक खेळ दुसऱ्या जातीचे आहेत.

पहिला मान केऑसला. ज्युलियन गॉलप या तरुणाने लिहिलेला हा खेळ गेम्स वर्कशॉपने १९८५मध्ये काढला. दोन ते आठ जादूगार, त्यांतले हवे तितके माणसांनी खेळायचे आणि उरलेले यंत्राने. काळ्या पडद्यावर मुंगीएवढी चित्रं, संगीत नाही, कथा नाही. प्रत्येकाच्या वाट्याला काही मंत्र येतात आणि प्रत्येक मंत्रापुढे तो साधण्याची शक्यता टक्क्यांत लिहिलेली असते. सोनेरी ड्रॅगन बोलावणं जवळपास अशक्य. पण खोटा ड्रॅगन बोलावता येतो, आणि तो हमखास येतो! खऱ्यासारखाच उडतो, खऱ्यासारखाच मारतो. समोरच्याकडे त्यावर एक उतारा नेहमीच असतो: ‘माझा विश्वास नाही’ असा मंत्र. खोटा असेल तर ड्रॅगन जागीच विरतो. खरा असेल तर समोरच्याची मंत्राची पाळी फुकट गेली आणि ड्रॅगन तसाच दारात.

म्हणजे खेळ पडद्यावर कमी आणि खेळणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जास्त. तीनपत्तीत ब्लाइंड लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय ‘नियमा’च्या मंत्रांचा मारा झाला की सगळं जग तिकडे झुकतं आणि तसे मंत्र सर्वांनाच सोपे होतात, ‘गोंधळा’च्या मंत्रांनी तेच उलट दिशेला. जादुई आग आणि चिकट गोळा हे दोन मंत्र तर सोडले की आपल्या मनाने पसरत जातात. एवढं सगळं ४८केमध्ये. ‘युअर सिंक्लेअर’ मासिकाने पुढे हा खेळ अंकाबरोबरच्या कॅसेटवर फुकट दिला, तेव्हा कुठे तो बऱ्याच घरांत पोचला.

याच गॉलपचा रेबेलस्टार १९८६मध्ये फायरबर्डने १ पौंड ९९ पेन्सला विकला. स्वस्तातला माल म्हणून अनेकांनी त्याकडे पाहिलं नसेल. चंद्रावरचा तळ, आपली तुकडी, आणि प्रत्येक शिपायाला एका पाळीत मोजकीच हालचाल. वळायचं, दार उघडायचं की गोळी झाडायची हे त्या हिशेबात बसवायचं. १९९४चा प्रसिद्ध यूएफओ: एनेमी अननोन याच घराण्यातला, त्याच गॉलपच्या हातचा. नातू जगभर गाजला, आजोबांना फार थोडे ओळखतात.

आता शाळा. स्कूल डेझ (१९८४) हा मायक्रोस्फिअर या घरगुती कंपनीचा, डेव्हिड आणि हेलन रीडी या दांपत्याचा खेळ. ब्रिटनमध्ये तो अगदीच विस्मृतीत गेलेला नाही, पण बाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. एरिक नावाच्या कार्ट्याला स्वतःचं प्रगतिपुस्तक शिक्षकांच्या खोलीतल्या तिजोरीतून लंपास करायचं आहे. तिजोरीच्या कुलपाची अक्षरं शिक्षकांच्या डोक्यात वाटलेली. ती काढायला भिंतींवरच्या ढालींवर नेम साधायचे, मास्तरांना बेचकीने आडवं करायचं. पण घंटा होते, वर्ग भरतो, चहाडखोर मुलगा तुमचं नाव सांगतो, आणि मास्तर शिक्षा म्हणून ओळी लिहायला लावतात. दहा हजार ओळी झाल्या की शाळेतून नाव कमी. खरी मजा सुरुवातीलाच आहे: शिक्षकांची आणि मुलांची नावं बदलता येतात. आपल्या गणिताच्या सरांचं नाव तिथे घालून बघाच.

या खेळात तुम्ही काही केलं नाही तरी शाळा चालू राहते. हीच युक्ती डेंटन डिझाइन्सने द ग्रेट एस्केपमध्ये (ओशन, १९८६) अजून पुढे नेली. दुसऱ्या महायुद्धातली युद्धकैद्यांची छावणी. हजेरी, नाश्ता, कसरत, झोप. बटणांना हात लावला नाही तर तुमचा कैदी निमूटपणे स्वतःच त्या दिनक्रमाला लागतो. बंड करायचं तर तुम्हीच त्याला रांगेबाहेर काढायचं: बोगदे शोधायचे, पहारेकऱ्याचा गणवेश मिळवायचा, होकायंत्र आणि कागदपत्रं जमवायची. पकडलं गेलं की एकांतकोठडी, आणि पडद्याच्या कडेला मनोधैर्याचा झेंडा थोडा खाली. झेंडा तळाला गेला की कैदी तुमचं ऐकेनासा होतो आणि दिनक्रमातच फिरत राहतो. हरण्याची इतकी अस्वस्थ करणारी तऱ्हा मला दुसऱ्या खेळात भेटलेली नाही.

सँडी व्हाइटचा अँट अटॅक (क्विक्सिल्वा, १९८३) नियंत्रणाच्या बाबतीत वैताग आणतो, हे आधीच सांगतो. तरी त्यातलं मुंग्यांनी व्यापलेलं निर्मनुष्य शहर एकदा फिरून यावं. मुलगा व्हायचं की मुलगी, हा पर्याय त्याने १९८३मध्येच दिला होता.

आणि एक अपयश. मेल क्राउचरचा डेउस एक्स मशिना (ऑटोमाटा, १९८४) दोन कॅसेटांवर यायचा: एकीवर खेळ, दुसरीवर ध्वनी. दोन्ही एकाच क्षणी चालू करायच्या. जन्मापासून मरणापर्यंतचं एक आयुष्य पडद्यावर आणि कानात जॉन पर्ट्वी, इयन ड्यूरी, फ्रँकी हॉवर्ड यांचे आवाज. किंमत १५ पौंड, नेहमीच्या खेळाच्या दुपटीच्या आसपास. खपला नाही. खेळ म्हणून तो थोडा पातळच आहे, पण १९८२च्या यंत्राकडून कुणी एवढी अपेक्षा धरली, हे ऐकण्यासारखं आहे.

भारतात ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस विकला होता. त्यामुळे कुणाच्या माळ्यावर त्यांचा डीबी स्पेक्ट्रम सापडला तर भंगारवाल्याला देऊ नका. बाकीच्यांसाठी फ्यूजसारखा मोफत एम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणारी आज्ञावली, पुरेसा आहे. अ‍ॅमस्ट्रॅडने १९८६मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय विकत घेतला, आणि पुढे यंत्रातली मूळ आज्ञावली (रॉम) अशा एम्युलेटरांबरोबर वाटायला परवानगीही दिली. मूळ पद्धतीने खेळ चढवायचा असेल तर जे दाबा, लोड हा अख्खा शब्द उमटेल. मग सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा पी, आणि एंटर. सुरुवात केऑसपासून करा, आणि तीही एकट्याने नको. निदान तिघांना घरी बोलवा.