टॉवेलाचं मुंडासं

संपादकांना पिसं हवी होती. ब्राझीलचा कार्निव्हल म्हणजे रिओ, आणि रिओ म्हणजे शहामृगाची पिसं, टिकल्या, पाठीला बांधलेले तारांचे पंखे. अंकाच्या रंगीत पानांना शोभेल असा ऐवज. त्यात खोटं काहीच नाही. रिओच्या सांबा शाळांच्या मिरवणूक-स्पर्धेत पोशाख हा परीक्षेचा स्वतंत्र विषय असतो आणि गुण दशांशांत मोजतात. एखाद्या तुकडीतल्या चार जणांच्या डोक्यावर टोप्या नसल्या, तरी परीक्षकाच्या नजरेतून ते सुटत नाही. 2011 च्या फेब्रुवारीत, कार्निव्हल महिन्यावर आला असताना, तिथल्या ‘सांबा नगरी’त आग लागली. तीन शाळांचे हजारो पोशाख जळाले, आणि त्या वर्षी कुठल्याच शाळेला खालच्या श्रेणीत ढकलायचं नाही असं ठरलं. इतकं त्या कपड्यांवर अवलंबून असतं.

पण तयारीची कात्रणं चाळताना एका छायाचित्रापाशी मी अडकलो. डोंगरउतारावरचं जुनं शहर, दगडी रस्ता, आणि रस्ताभर पुरुषच पुरुष. सगळे पांढऱ्या झग्यात, डोक्याला पांढरं मुंडासं, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा. खाली नाव होतं ‘फिल्योस दे गांधी’, म्हणजे गांधींची मुलं. पिसं राहिली बाजूला.

हे शहर रिओ नव्हे, साल्व्हादोर. बाहिया राज्याची राजधानी. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचं हे शहर, आणि इथे काय घालायचं हा प्रश्न खरं तर कुठल्या घोळक्यात शिरायचं हा प्रश्न असतो. ट्रकवरच्या वाद्यवृंदामागे दोराच्या आत नाचायचं, तर त्या घोळक्याचा ‘अबादा’ विकत घ्यावा लागतो. हा रंगीत सदरा हेच प्रवेशाचं तिकीट. तो घेतला की मुली तडक शिंप्याकडे जातात. बाह्या कापून, गळा उतरवून, मणी लावून त्याचं रूप असं पालटतं की तिकिटाचा छाप तेवढा ओळखू यावा. दुसरीकडे ‘इले आये’. 1974 मध्ये लिबेर्दादे वस्तीत सुरू झालेला हा कृष्णवर्णीयांचा घोळका दरवर्षी नवं कापड छापून घेतो. लाल, पिवळा, काळा, पांढरा हे रंग ठरलेले, चित्रं त्या वर्षीच्या विषयाची. आणि तिसरा पर्याय गांधींच्या मुलांचा. तिथे झग्यावरची निळी नक्षी वर्षागणिक बदलते, बाकी सारं पांढरं ते पांढरंच.

स्थापनेची हकिगत थोडक्यात उरकतो. 18 फेब्रुवारी 1949. बंदरातले हमाल, म्हणजे जहाजांवर माल चढवणारे-उतरवणारे गोदी कामगार, कामाच्या टंचाईने कावलेले होते. थाटाचे कपडे शिवायला पैसे नव्हते. घरातल्या चादरी अंगाला गुंडाळल्या, टॉवेल डोक्याला बांधले. गांधीजींच्या खुनाला जेमतेम वर्ष उलटलं होतं, त्यांचं नाव ताजं होतं. वाव्हा मादेइरा नावाने ओळखल्या जाणाऱ्या कामगाराने ते सुचवलं असं मानतात. शांततेचा घोळका म्हणून दारूला बंदी आणि बायकांनाही. हॉलिवुडच्या ‘गंगा दिन’ या सिनेमाचा हात या वेषामागे होता असं अभ्यासक सांगतात, आणि मिरवणुकीतले हत्ती-उंट पाहिले की ते पटतं. म्हणजे गांधी अहिंसेचे आणि हत्ती साहेबाच्या सिनेमातला. मला ही भेसळ फार आवडली. हातात सापडेल ते घेऊन उत्सव उभा करणाऱ्यांना शुद्धतेची चैन परवडत नाही.

गाणी मात्र सिनेमातली नव्हती. ती होती कांदोम्ब्लेची, आफ्रिकेतून आलेल्या देवतांच्या धर्माची, इजेशा या संथ, डुलत्या तालावरची. मिरवणूक निघण्याआधी वाटा मोकळ्या करणाऱ्या एशूला नैवेद्य दाखवतात. माळेतला पांढरा मणी ओशाला या देवतेचा, निळा ओगुमचा. बाहियात कांदोम्ब्लेच्या घरांना पूजाअर्चेसाठी पोलिसांकडे नोंद करावी लागे. ही अट 1976 मध्ये सुटली. त्याआधी पंचवीसेक वर्षं हे लोक आपल्या देवांची गाणी भर रस्त्यात म्हणत होते, कपाळावर गांधींचं नाव लावून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला घोळका मोडकळीला आला होता. परदेशातल्या सक्तीच्या वास्तव्यातून परतलेल्या गायक जिल्बेर्तो जिल यांना तो तशा अवस्थेत दिसला. ते स्वतः त्यात सामील झाले, त्यावर गाणं रचलं, आणि माणसं परत येऊ लागली.

आता मुंडासं. आपल्याकडे फेटा बांधणारा कापडाला पीळ देतो, घट्ट लपेटतो, शेवट खोचतो. सुई लागत नाही. इथला टॉवेल अंघोळीचा, जाड, आखूड. तो पीळ धरत नाही आणि खोचायला टोक पुरत नाही. म्हणून तो शिवावा लागतो, तोही माणसाच्या डोक्यावरच. जुन्या शहरातल्या पेलोरिन्योच्या चढावर, दारांच्या उंबऱ्यांपाशी बायका स्टूल मांडून बसतात. गिऱ्हाईक समोर बसतं, मान खाली घालतं. तिथे गेलो तेव्हा जिच्या हाताकडे मी बराच वेळ पाहत राहिलो, ती साठीच्या घरातली असावी. टॉवेल लांबीत दुमडून तिने मध्य कपाळावर टेकवला, दोन्ही टोकं मागे नेऊन ओलांडली, पुन्हा पुढे आणली. मग डाव्या हाताची दोन बोटं टॉवेल आणि कवटी यांच्यामध्ये सरकवली आणि उजव्या हाताने दाभणाएवढी सुई घातली. सुई बोटांवर घसरत पलीकडे निघते, टाळूला लागत नाही. लांब टाके, दोरा दुहेरी. टाके घडीच्या आत जातात, बाहेरून दिसत नाहीत. शेवटी पुढच्या बाजूला निळा खडा. मग तिने दोन्ही तळव्यांनी मुंडासं धरून डोकं गदागदा हलवलं. मुंडासं हललं नाही, तेव्हा दोरा दातांनी तोडला.

घाम पिऊन टॉवेल तासाभरात जड होतो. सैल टाके असतील तर भुवयांवर उतरतो. आवळून शिवला तर रात्री कपाळ ठणकतं. हा अंदाज ती प्रत्येक डोक्याला वेगळा घेत होती, आणि माझ्या मते या सबंध पोशाखातलं खरं कसब एवढंच आहे. बाकीचं कापड छापून मिळतं.

ज्या बायकांच्या टाक्यांवर हा वेष उभा आहे, त्यांना त्या रांगेत जागा नाही. 1979 मध्ये बायकांनी ‘फिल्यास दे गांधी’ हा आपला वेगळा घोळका काढला. त्यांचा वेष तोच, पण गर्दी आणि कॅमेरे पुरुषांकडेच राहिले.

आणि त्या पुरुषांच्या माळा! मूळची ती देवाची खूण, एकमेकांना दिली की शांततेचा निरोप. गेल्या काही दशकांत तिचा सौदा झाला: माळ घे, चुंबन दे. पुष्कळ पुरुष गळ्यात डझनावारी माळा घेऊन निघतात त्या याच हिशेबाने. पूर्वी लोक याला गंमत म्हणत. ब्राझीलमध्ये 2018 पासून संमतीवाचून केलेला असा स्पर्श हा एक ते पाच वर्षं कैदेचा गुन्हा आहे. वेष पांढरा, नाव गांधींचं, आणि आतला माणूस नकार ऐकत नाही, हे जुन्या सभासदांना लागतं. पण हजारोंच्या गर्दीत झगा विकत घेतलेल्या पाहुण्याला कोण काय शिकवणार? पर्यटकाला तो वेष सुंदर दिसतो, स्वस्त नसतो, आणि घातला की तो तीन दिवसांचा मालक. एशूचा नैवेद्य चालू असताना मोबाइल वर धरून उभे राहिलेले असे पाहुणे मी पाहिले. दुसऱ्या टोकाला शहरात वाढत चाललेले इव्हँजेलिकल पंथ. त्यांच्यातल्या कडव्यांच्या लेखी ओगुम म्हणजे सैतान, त्यामुळे कालपर्यंत झगा घालणाऱ्या घरातला मुलगा आज तो नाकारतो.

शिवाय खुद्द गांधींचा प्रश्न आहेच. 1893 मध्ये डर्बनच्या न्यायालयात पगडी उतरवायला सांगितली तेव्हा ते उठून बाहेर पडले होते. साल्व्हादोरच्या हमालांना ही गोष्ट माहीत असती तर त्यांनी टॉवेल आणखी उंच बांधला असता. पण त्याच दक्षिण आफ्रिकेतल्या त्यांच्या सुरुवातीच्या लिखाणात आफ्रिकी लोकांबद्दल तुच्छतेचे उल्लेख आहेत. घाना विद्यापीठातला त्यांचा पुतळा 2016 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते उभा राहिला आणि 2018 च्या डिसेंबरात याच कारणावरून हटवला गेला. साल्व्हादोरच्या घोळक्यात कुणी मुंडासं उतरवलेलं नाही. त्यांचा गांधी पोरबंदरचा नाही. तो गोदीत, चादरींतून जन्मला. एवढ्यावर काम भागेल असं मला वाटत होतं, पण कृष्णवर्णीयांच्या राजकारणाची भाषा बोलणारी तरुण पिढी याच शहरात वाढते आहे आणि तिच्यासमोर ‘इले आये’चं छापील कापडही आहेच. तिने विचारलं, तर ओशाला, ओगुम आणि इजेशा ठेवून नाव तेवढं का बदलू नये, याला गांधींच्या मुलांना उत्तर द्यावं लागेल.