गव्हाच्या उन्हाळी बिअर आणि त्यांची पारख

बहुतेक बिअर बार्लीच्या माल्टपासून, म्हणजे भिजवून मोड आणलेल्या आणि नंतर वाळवून भाजलेल्या धान्यापासून बनते. ज्या बिअरमध्ये या बार्लीची मोठी जागा, कित्येकदा निम्मी किंवा त्याहून अधिक, गहू घेतो, तिला गव्हाची बिअर म्हणतात. गव्हातील प्रथिनांमुळे तिच्यावर दाट आणि टिकाऊ फेस येतो, आणि ती प्रथिने व न गाळलेले यीस्ट पेयात तरंगत राहिल्यामुळे ती कुरडयांच्या चिकाच्या निवळीसारखी धूसर दिसते. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्स या वेलीची फुले तिच्यात बेताने वापरतात, वायूचे बुडबुडे भरपूर असतात आणि मद्यार्काचे प्रमाण साधारणतः 5 टक्क्यांच्या आसपास राहते, त्यामुळे युरोप-अमेरिकेत तिचा उन्हाळ्याशी संबंध जडला आहे.

हा संबंध केवळ चवीचा नाही. जर्मनीतील बव्हेरियात 1516 च्या प्रसिद्ध कायद्याने बिअरसाठी बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक मान्य केले होते, आणि 1553 च्या हुकमाने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यास बंदी घातली, कारण थंडाव्यात आंबवली जाणारी तिथली बार्लीची बिअर उन्हाळ्यात बिघडत असे. गव्हाच्या बिअरचे यीस्ट मात्र 20 अंश सेल्सियसच्या आसपासच्या उबेत उत्तम काम करते. ती बनवण्याचा विशेषाधिकार डेगेनबर्ग या सरदार घराण्याकडे होता. 1602 मध्ये त्या घराण्याचा वंश खुंटल्यावर तो ड्यूक पहिल्या मॅक्सिमिलियनकडे आला आणि गव्हाची बिअर राजघराण्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन बनली. पुढे तिची लोकप्रियता ओसरली, आणि 1872 मध्ये गेओर्ग श्नायडर या म्युनिकच्या बिअर-उत्पादकाने हा अधिकार मिळवला नसता तर कदाचित ही परंपराच मागे पडली असती.

गव्हाच्या बिअरांची तुलना करताना सर्वांत मोठी चूक होते ती सगळ्यांना एकाच मापाने मोजण्याची, कारण गहू समान असला तरी चवीचे मूळ प्रत्येक प्रकारात निराळे असते. बव्हेरियाच्या ‘हेफेवाइत्सेन’मध्ये पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, परंतु तिच्यात केळेही नसते आणि लवंगही नसते; हे दोन्ही वास यीस्टच निर्माण करते. केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेट या संयुगाचा असून खऱ्या केळ्यातही तेच आढळते. लवंगेचा वास 4-व्हिनाइल ग्वायकोल या संयुगाचा, आणि ते धान्यातील फेरुलिक आम्लापासून तयार होते. भरडलेले धान्य कोमट पाण्यात मुरवताना ते काही काळ 45 अंशांच्या आसपास ठेवले, तर हे आम्ल अधिक मोकळे होते आणि लवंगेची छटा वाढते, म्हणजेच केळे आणि लवंग यांच्यातील तोल बनवणाऱ्याच्या हाती असतो. वाइनश्टेफानर आणि श्नायडर वाइसे या दोन हेफेवाइत्सेन शेजारी ठेवल्या की हे तत्काळ जाणवते: पहिली फिकट सोनेरी, मऊ आणि केळ्याकडे झुकलेली, तर दुसरी काळपट तांबूस, भाजल्या माल्टची गोडी असलेली आणि मसाल्याच्या अंगाने जाणारी.

बेल्जियमच्या ‘विटबिअर’मध्ये, याउलट, गंध बराचसा बाहेरून येतो. तिच्यात मोड न आणलेला कच्चा गहू असतो, आणि उकळताना धणे व कुरासाओ संत्र्याची वाळवलेली साल घातली जाते. हा प्रकार 1950 च्या दशकात बेल्जियममधील हूखार्डन गावातून नाहीसा झाला होता. तेथील शेवटची भट्टी बंद पडलेली पाहिलेल्या पिएर सेलिस या दूधवाल्याने 1960 च्या दशकात तो पुन्हा सुरू केला, आणि आज जगभर बनणाऱ्या विटबिअरवर त्याच्याच कामाची छाप आहे. एका माणसाच्या जिद्दीने पेयाचा एक पूर्ण प्रकार वाचल्याची याहून सुंदर उदाहरणे थोडीच असतील.

अमेरिकेत गव्हाची बिअर तटस्थ यीस्टने, म्हणजे स्वतःचा ठळक गंध न सोडणाऱ्या यीस्टने आंबवण्याची पद्धत पडली. ऑरेगनमधील विडमर बंधूंची 1986 ची बिअर याच वाटेने गेली, आणि मिशिगनमधील बेल्स या कंपनीची ‘ओबेरॉन’ दरवर्षी वसंताच्या सुरुवातीला बाजारात येते तेव्हा तेथील लोक तिला उन्हाळ्याची नांदीच मानतात. अशा बिअरमध्ये केळे-लवंग न सापडणे हा दोष नव्हे. तिच्यात धान्याची पावासारखी चव आणि हॉप्सचा लिंबूवर्गीय गंध शोधावा. बर्लिनची ‘वाइसे’ तर साफ आंबट असते, कारण तिच्यात दूध विरजणाऱ्या जिवाणूंच्या कुळातीलच जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. मद्यार्क केवळ 3 टक्क्यांच्या आसपास असतो आणि रास्पबेरीचे सरबत घालून ती पिण्याची रीत आहे.

प्रत्यक्ष चाखताना पहिला शत्रू बर्फगारपणा असतो. फार थंड बिअरमधून गंध वर येत नाही आणि जीभही बधिर होते, म्हणून 7 ते 8 अंश हे तापमान योग्य. पेले एकाच आकाराचे, तेलकटपणा वा साबणाचा अंश नसलेले असावेत, कारण त्यांनी फेस मोडतो. बाटलीच्या तळाशी बसलेले यीस्ट घोळवून ओतायचे की मागे ठेवायचे हे आधी ठरवून सगळ्या बाटल्यांना सारखेच वागवावे. ओतताच प्रथम वास घ्यावा, कारण नाजूक गंध काही मिनिटांत उडून जातात; मग घोट तोंडात फिरवून गोडी, आंबटपणा, बुडबुड्यांचा चुरचुरीतपणा आणि गिळल्यावर मागे राहणारी चव टिपावी. आंबट बिअर नेहमी शेवटी ठेवावी, मध्ये पाणी आणि साधा पाव घ्यावा. पेल्यात लिंबाची किंवा संत्र्याची फोड टाकण्याची प्रथा तुलनेत पूर्णपणे टाळावी, कारण सालीतील तेल फेस घालवते आणि त्या गंधाखाली बिअरचा स्वतःचा गंध दबून जातो. लेबल झाकून चाखणे आवश्यकच; त्याहून कठोर कसोटी म्हणजे तीन पेल्यांपैकी दोनांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी ओतून वेगळा पेला ओळखायला लावणे. तो ओळखता आला नाही, तर त्या दोहोंतील श्रेष्ठ-कनिष्ठतेची चर्चा थांबवावी.

अखेरचा आणि बहुधा निर्णायक मुद्दा ताजेपणाचा आहे. केळ्याचा गंध साठवणीत विरत जातो, उष्णतेने ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव येते, आणि हिरव्या किंवा पारदर्शक काचेतून प्रकाश लागला तर हॉप्समधील कडू द्रव्यांपासून उग्र दुर्गंध तयार होतो. त्यामुळे समुद्रापार प्रवास करून उन्हात राहिलेल्या नामांकित बाटलीवरून तिच्या प्रकाराविषयी मत बनवणे अन्यायाचे ठरते. पुण्यात 2009 साली सुरू झालेली ‘डूलाली’ आणि तिच्यानंतर उघडलेल्या मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच लहान प्रमाणात बिअर बनवून विकणाऱ्या भट्ट्या, यांच्यामुळे महाराष्ट्रातील प्रौढ ग्राहकाला हेफेवाइत्सेन आणि विटबिअर टाकीतून थेट पेल्यात मिळू शकतात; या दोन प्रकारांची पहिली तुलना करायची असेल, तर ती आयात बाटल्यांवर न करता अशा ताज्या बिअरवरच करावी.