गरम झालं की दमणारं इंजिन

2019च्या महापुरानंतर सांगली-मिरजेत यांत्रिक बोट परकी राहिली नाही. थंड असताना जोमात चालणारं इंजिन तापल्यावर दमलं, की लोक आधी कार्बोरेटर खोलतात. ही घाईच; त्यात कचरा असता, तर बहुधा सुरुवातीपासूनच ओढ कमी पडली असती. आउटबोर्ड इंजिन नदीचंच पाणी ओढून थंड होतं, आणि पुराच्या कृष्णेत गाळ, पाला, प्लॅस्टिक. जाळी तुंबते, पंपाचा रबरी पंखा झिजतो. म्हणून इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार आधी बघा. धार जोरदार असेल तर? मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करा. तो बंद राहिला की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल अडतं. तरीही जोर येईना, तर इंजिन गरम असतानाच ठिणगी तपासा. बिघडलेली कॉइल निवल्यावर पुन्हा साळसूद वागते.