बोर्डीची बालवाडी आणि देशाची अंगणवाडी

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीच्या पूर्वप्राथमिक शिक्षणात अक्षरओळखीपेक्षा हाताडोळ्यांचा मेळ, बोलीतून उमलणारी भाषा आणि चारचौघांत वावरण्याची सवय यांना अधिक मोल असते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीतील बालगृहात या विचाराला शास्त्रीय बैठक दिली, तर गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढून तो भारतीय मातीत रुजवला. मात्र गरिबांच्या मुलांसाठी योजलेली ही पद्धती येथे बव्हंशी शहरांतील सुखवस्तू घरांपुरती राहिली. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या कामात सामील झाल्या, त्यामागे ही विसंगती दूर करण्याचीच खटपट होती.

दलित वस्तीतील मुले बालवाडीकडे फिरकत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात भरवण्यात आली. तेथे आधी हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे आणि मगच इंद्रियशिक्षण, म्हणजे रंग, आकार, वजन व आवाज यांतील भेद प्रत्यक्ष हाताळून ओळखण्याचे शिक्षण, असा क्रम होता. त्यासाठी महागड्या लाकडी साधनांऐवजी शिंपले, चिंचोके, खडे आणि पाने वापरली जात. शिंपल्यांची लहानापासून मोठ्यापर्यंत ओळ लावणारे मूल मध्येच चुकलेला शिंपला स्वतः उचलून योग्य जागी ठेवते, तेव्हा माँटेसरींना अभिप्रेत असलेली स्वयंसुधारणा फुकटच्या साहित्यातूनही साधते. बालशिक्षणातील हा शोध अजूनही पुरेसा ओळखला गेलेला नाही.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरू लागल्या, आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलींची शाळा बुडू नये म्हणून विकासवाडी या तिथल्या केंद्रात पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिचे केंद्र म्हणून अंगणवाडी देशभर पसरू लागली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या तिच्या सहा सेवा. त्यांतील शेवटची सेवा वजने, नोंदवह्या आणि शिजवलेल्या आहाराच्या वाटपातून सेविकेला उरेल तेवढ्या वेळात उरकली जाते, आणि याचा दोष सेविकेपेक्षा कामाच्या वाटणीकडे जातो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत स्तर मानून अंगणवाडीला शाळेशी जोडले खरे, पण तीन वर्षांखालील बाळांना अंगणवाडीतून मुख्यतः घरी न्यायचा आहार आणि लसच मिळते. आई मजुरीला गेल्यावर त्यांना दिवसभर सांभाळण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते, आणि ते काम आजही बहुधा थोरल्या बहिणीकडेच येते.